लूस की लूझ: दोन ओ कुठे आणि एक ओ कुठे

इंदूरच्या नमकीनवाल्याकडे शेव पाकिटातली हवी की लूज, असं विचारतात. शिंप्याच्या हिशेबी पँट कमरेत लूज असते, वायरमनच्या हिशेबी बोर्डातली तार लूज असते. तिन्हीकडे अर्थ सुटं किंवा सैल. हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. घोळ होतो तो इंग्रजीत लिहायला बसल्यावर. अर्जात 'ही संधी मला गमवायची नाही' असं लिहायचं असतं आणि कागदावर उतरतं ते 'ही संधी मला सैल करायची नाही'. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या 'आशा सोडू नका'च्या सुविचारांतही तीच चूक, वर फुलांचं चित्र.

सैल, ढिलं, सुटं या अर्थाचं विशेषण एल-ओ-ओ-एस-ई, दोन ओ. हरवणं, गमावणं, हरणं या अर्थाचं क्रियापद एल-ओ-एस-ई, एक ओ. अर्थाच्या बाजूने एवढंच, आणि ते बहुतेकांना ठाऊक असतं. म्हणून अर्थ पुन्हा पुन्हा घोकून ही चूक जात नाही. चूक कानात आहे.

दोन ओवाल्याचा उच्चार 'लूस', शेवटी 'रस'मधला स. एक ओवाल्याचा उच्चार 'लूझ', शेवटी 'माझा'मधल्या झच्या जवळचा आवाज. दोन्हीत ऊ सारखाच, फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा. माळव्यात आपण मात्र दोन्हींना सरसकट 'लूज' म्हणतो. हिंदीत तो ज़ नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, पाट्यांवर नुक्ता गळून नुसता ज उरतो, आणि मराठी घरात तो तसाच येतो. थोडक्यात, सैल या अर्थाच्या शब्दाला आपण गमावण्याच्या शब्दाचा आवाज देऊन बसलो आहोत. दोन्ही शब्द कानाला एकच झाले, की हाताने त्यांत फरक करायचा कशावरून?

त्यात शाळेतली सवय भर घालते. 'ऊ' ऐकू आला की दोन ओ, हे पहिलीपासून अंगवळणी पडलेलं असतं: मून, स्पून, स्कूल. मग 'लूझ' ऐकल्यावर हात आपोआप दोन ओ काढतो. शिवाय 'निवडणे'वाला चूझ आहेच. त्यात दोन ओ, शेवटी एस-ई, आणि उच्चार झचा. लूझ आणि चूझ यांचं यमक बरोबर जुळतं, म्हणून स्पेलिंगही तसंच असेल असं वाटतं. चूझचा भूतकाळ चोझ, त्यात एक ओ. ते पाहून काहींना एक ओवाला लूझ हा दोन ओवाल्याचा भूतकाळ वाटतो. तसं मुळीच नाही. लूझचा भूतकाळ लॉस्ट.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे शब्द त्यांच्या खऱ्या सोबत्यांबरोबर लक्षात ठेवणं. दोन ओ आणि शेवटी एस-ई असलेल्या शब्दांत स ऐकू येतो: हंस म्हणजे गूस, फास म्हणजे नूस, सैल म्हणजे लूस. रोजच्या शब्दांत याला अपवाद एकटा चूझ. दुसरीकडे एकाच ओने ऊ काढणारेही पुष्कळ आहेत: डू, टू, हू, मूव्ह, प्रूव्ह. आणि त्यांतला 'कोणाचा' विचारणारा हूझ तर लूझचा सख्खा भाऊ: एक ओ, शेवटी एस-ई, उच्चार ऊझ. हूझ लिहिताना दोन ओ कुणी काढत नाही. लूझ लिहिण्याआधी मनात हूझ म्हणा, दुसरा ओ येणार नाही.

'हरवलेल्या शब्दाचा एक ओ हरवला' ही क्लृप्ती इंदुरातल्या भंवरकुआं भागातल्या क्लासेसपासून मोबाईलवरच्या व्हिडिओंपर्यंत सगळीकडे सांगतात. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. ती परीक्षेच्या दिवशी आठवते, बोलताना 'लूज' तसाच राहतो, आणि महिन्याभरात चूक परत येते. उच्चार सुधारला तर स्पेलिंग आपोआप सुधारतं. आधी क्लृप्ती देऊन उच्चार नंतर बघू म्हणणारं शिकवणं अर्धवट आहे.

शेवटच्या आवाजाने विशेषण किंवा नाम आणि क्रियापद वेगळं होणं इंग्रजीत इतरत्रही दिसतं. जवळचा नातेवाईक 'क्लोस', दार मात्र 'क्लोझ' करायचं. उपयोग हे नाम 'यूस', वापरणं हे क्रियापद 'यूझ'. सल्ला 'अ‍ॅडव्हाइस', सल्ला देणं 'अ‍ॅडव्हाइझ'. लूस आणि लूझ यांचा इतिहास थोडा वेगळा आहे. सैलवाला शब्द इंग्रजीत नॉर्स भाषेतून आला आणि गमावण्याचा जुन्या इंग्रजीतला, जरी मुळात दोघांचं जर्मानिक घराणं एकच. पण कानाला दोन्ही याच साच्यात बसतात: स असेल तर विशेषण, झ असेल तर क्रियापद.

आता दोन्ही शब्द एकाच प्रसंगात आणून बघा. प्लगमधला स्क्रू ढिला झाला, तर ते 'लूस कनेक्शन', दोन ओ. त्यामुळे राऊटर बंद पडून नेट गेलं, तर तुम्ही कनेक्शन 'लूझ' करता, एक ओ. पहिलं कारण, दुसरं परिणाम. तक्रार लिहिताना स्पेलिंग उलटं पडलं तर तार ढिली आहे की नेट गेलं आहे, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. क्रिकेटमध्येही तसंच. सैल चेंडू 'लूस बॉल', सामना हरणं 'लूझ'. मार्च २०२३ मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने भारताला ९ गड्यांनी हरवलं, तिथे भारत हरला, म्हणून भूतकाळ लॉस्ट.

बाकीची रूपं पटकन. 'हरतोय, गमावतोय' म्हणजे लूझिंग: शेवटचा ई गाळायचा, ओ एकच. दोन ओंचा '-इंग' क्वचितच बरोबर असतो, कारण दोन ओवालं क्रियापद बाण सोडणं किंवा बंधनातून मोकळं करणं अशा मोजक्याच जागी येतं. स्क्रू ढिला करायचा असेल तर क्रियापद 'लूसन', दोन ओ आणि शेवटी एन. हरणारा माणूस 'लूझर', एक ओ. दोन ओ काढलेत तर तो 'अधिक सैल' होतो. सुटे पैसे 'लूस चेंज', दोन ओ.

संगणकाच्या किंवा फोनच्या तपासणीवर विसंबू नका. दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे चुकीच्या जागीही बहुतेक वेळा खाली लाल रेघ येत नाही. मराठीत लिहिताना 'लूज' चालतो, तो आता आपल्या बोलण्यातला शब्द आहे आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत. तरी लेखी मराठीत 'सैल' आणि 'सुटं' असताना ते वापरणंच चांगलं.

जिमच्या पाट्यांवर तिसरा भाऊही अडकतो. वजन घटणं हे नाम आहे, 'वेट लॉस', एल-ओ-एस-एस: एक ओ, दोन एस, शेवटी ई नाही. 'वजन कमी करा' असं सांगायचं असेल तर 'लूझ वेट', एक ओ, एक एस, शेवटी ई. दोन ओ काढून वेट पुढे लिहिलं तर अर्थ होतो 'वजन मोकळं सोडा'. पाटी रंगवून घेण्याआधी रंगाऱ्याला हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, तोंडी सांगितलं तर तो जे ऐकेल ते 'लूज'च असेल.