कुणी काही उघडलंच नव्हतं

संगणकात व्हायरस शिरला की कार्यालयात पहिला प्रश्न येतो, ‘कुणी काय उघडलं?’ भलत्या ईमेलमधली लिंक, कुठूनतरी आणलेला पेन ड्राइव्ह, असं काहीतरी सापडतं, एखाद्या कारकुनावर खापर फुटतं आणि विषय मिटतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण 27 जून 2017 रोजी न्हावा शेव्याचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनल नॉटपेट्या नावाच्या ज्या सायबरहल्ल्यात ठप्प झालं, त्या हल्ल्याला कुणी काही उघडण्याची गरजच नव्हती.

हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होतं आणि हल्ल्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तिथे करविवरण भरायला एम.ई.डॉक हे हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरतात. हल्लेखोर ते बनवणाऱ्यांच्या सर्व्हरमध्ये आधीच शिरले होते. नेहमीच्या अपडेटबरोबर त्यांनी चोरवाट पाठवली आणि तिथून वर्म सोडला. व्हायरसला कुणीतरी फाइल चालवावी लागते. वर्म नेटवर्कवरून आपला आपण पुढे सरकतो.

सरकायला त्याच्याकडे दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली एक चूक. त्याच चुकीचा फायदा घेऊन मे महिन्यात वॉनाक्राय या दुसऱ्या वर्मने धुमाकूळ घातला होता. तिच्यावरचा पॅच, म्हणजे ती चूक बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. मग पॅच लावलेले संगणकही का पडले? याचं उत्तर दुसऱ्या वाटेत आहे, आणि मला या प्रकरणातलं सर्वांत विलक्षण तेच वाटतं.

आपण सकाळी एकदा पासवर्ड टाकतो. मग दिवसभर शेअर केलेलं फोल्डर, सर्व्हर, प्रिंटर यांपैकी कुणीच तो पुन्हा मागत नाही, कारण विंडोजमधली एलसॅस नावाची प्रक्रिया आपल्या ओळखीचा पुरावा रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत, सांभाळून ठेवते. हा पुरावा बहुधा हॅश असतो, म्हणजे पासवर्डवर गणिती क्रिया करून मिळालेला ठरावीक लांबीचा आकडा. पण जुन्या विंडोजमध्ये खुद्द पासवर्डही तिथे असे. तो कूटबद्ध केलेला असे खरा, मात्र उलगडायची किल्लीही त्याच मेमरीत! बेंजामिन डेल्पी या फ्रेंच प्रोग्रामरने 2011 मध्ये मिमिकॅट्झ हे साधन लिहून हे जगाला दाखवून दिलं. नॉटपेट्याने तीच युक्ती उचलली.

आता समजा, लेखा विभागातल्या एका संगणकाचं प्रिंटिंग अडलं. आयटीचा माणूस आला, सगळ्या नेटवर्कचे अधिकार असलेल्या अॅडमिन खात्यातून लॉगइन झाला, पाच मिनिटांत काम करून निघून गेला. लॉगआउट न करता तो तसाच निघाला असेल, तर त्याच्या ओळखीचा पुरावा रॅममध्ये तसाच राहतो. संगणक पॅच न लावलेला असेल तर वर्म पहिल्या वाटेने आत येतो, रॅम वाचतो, तो पुरावा उचलतो आणि आसपासच्या संगणकांची यादी काढतो. मग पीएसएक्झेक या मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने प्रत्येकावर स्वतःची प्रत चालवतो. पलीकडच्या संगणकाला पॅच असो वा नसो, त्याच्या दृष्टीने अॅडमिन रीतसर आलेला आहे. अडवणार कशाला?

‘अमुक नंबरचा फोन उचललात की मोबाइल हॅक होतो’ असले संदेश आपण इमानेइतबारे पुढे पाठवतो. ही निव्वळ अफवा आहे आणि मला तिची चीड येते, कारण माणसाची सगळी सावधगिरी अशा बागुलबुवावर खर्च होते. ‘शंभर टक्के सुरक्षा’ विकणाऱ्या जाहिरातीही त्याच पंगतीतल्या.

हल्ल्याचा पुढचा भाग झटपट घडतो. थोड्या वेळाने संगणक आपोआप रीस्टार्ट होतो आणि डिस्क दुरुस्त होत असल्याची ओळखीची काळी पाटी दिसते: बंद करू नका, नाहीतर माहिती नष्ट होईल. प्रत्यक्षात त्याच वेळी डिस्कवरच्या फाइलींची मूळ यादी कूटबद्ध होत असते. शेवटी 300 डॉलरच्या बिटकॉइनची मागणी येते. खंडणी भरूनही उपयोग नव्हता, कारण पडद्यावर दिसणारा ‘तुमचा क्रमांक’ निव्वळ यादृच्छिक अक्षरांचा होता. त्यावरून किल्ली काढणं हल्लेखोरांनाही शक्य नव्हतं.

मर्स्कला 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभारावे लागले. नेटवर्कवरच्या सगळ्या खात्यांची नोंद ठेवणारे त्यांचे डोमेन कंट्रोलरही गेले होते. शाबूत राहिला एकच, घानातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती!

2015 च्या विंडोज 10पासून एंटरप्राइज आवृत्तीत हा पुरावा एलसॅसपासून वेगळ्या, आभासी कप्प्यात ठेवायची सोय आहे, आणि विंडोज 11च्या 22एच2 एंटरप्राइज आवृत्तीपासून योग्य हार्डवेअरवर ती मुळातच चालू असते. पण लहान कार्यालयांत ही आवृत्ती क्वचितच असते. तिथे दोन गोष्टी आजच करता येतात: रोजच्या दुरुस्तीसाठी मर्यादित अधिकारांचं वेगळं खातं, आणि प्रत्येक संगणकाच्या स्थानिक अॅडमिनला निराळा पासवर्ड. दुसऱ्या कामासाठी लागणारं लॅप्स हे साधन 2023 पासून विंडोजमध्येच येतं.