मुंबई विद्यापीठ: समाजासमाजाने उभी केलेली कॉलेजं

मुंबई विद्यापीठातली निरनिराळ्या समाजांची सरमिसळ कुणी आखून घडवलेली नाही. 18 जुलै 1857 रोजी ते स्थापन झालं तेव्हा, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणं आणि पदव्या देणं एवढंच त्याचं काम होतं. शिकवायचं ते संलग्न कॉलेजांनी. त्यामुळे ज्या समाजाकडे जिद्द आणि पैसा जमला, त्याला स्वतःचं कॉलेज काढता आलं.

सुरुवात मात्र फारच अरुंद होती. 1862 साली पहिले बी.ए. झाले ते न्या. रानडे, डॉ. भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही पुरुष, चौघेही उच्चवर्णीय. 1878 साली पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे पुतळे कोरले गेले, पण त्यांतल्या अनेकांच्या मुलांना खालच्या दारातून आत यायला पुढे कित्येक दशकं लागली. पहिली महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी 1880च्या दशकात झाली, तीही पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून. तेव्हा पुणंच काय, सिंध आणि गुजरातही याच विद्यापीठाखाली येत.

विसाव्या शतकात चित्र पालटलं. जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ 1930 साली सर महंमद युसुफ यांच्या देणगीतून उभं राहिलं. माटुंग्यात 1937 साली पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीचं रुईया सुरू झालं आणि त्याच वर्षी शिखांचं खालसाही. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी प्राध्यापकांनी 1948 साली जय हिंद काढलं. विस्थापितांनी घराइतकीच कॉलेजची निकड मानली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे दाक्षिणात्यांचं एसआयईएस, नागपाड्याचं महाराष्ट्र कॉलेज.

या सगळ्यांत सिद्धार्थ कॉलेजचं स्थान वेगळं आहे. डॉ. आंबेडकर स्वतः एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. शिकताना काय सोसावं लागतं हे त्यांनी अंगावर झेललं होतं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे 1946 साली त्यांनी सिद्धार्थ सुरू केलं. तिथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे तास आटोपून मुलाला कामावर जाता येई. प्रवेशाचं दार उघडून भागत नाही, पोट सांभाळून शिकता आलं पाहिजे, हे त्या वेळापत्रकात पक्कं बसलेलं होतं. मुंबईतल्या विद्यार्थिजीवनावर एवढा खोल परिणाम करणारा दुसरा निर्णय मला दिसत नाही. विद्यापीठाने 1971 साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, त्यामागची गरजही हीच.

समाजाने काढलेलं कॉलेज त्या समाजापुरतं मात्र राहिलं नाही. लोकल पकडून मुलगी डोंबिवलीहून माटुंग्याला येते, कट्ट्यावर गुजराती, तमिळ, मालवणी कानावर पडते, आणि आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांच्या तालमीत सगळे रात्र जागवतात. ज्यांना रोज घरी परतणं शक्य नाही त्यांचे हाल अजून संपलेले नाहीत. विद्यापीठाची हद्द आज पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. जव्हारहून किंवा कणकवलीहून मुंबईत शिकायला येणाऱ्याला वसतिगृहात खाट मिळाली नाही, तर प्रवेशाच्या यादीत नाव लागूनही गावी परतावं लागतं.