सुगंधी प्रसाधनांतील अघोषित रसायने (बेळगाव सीमाभाग)

अत्तर, परफ्यूम, डिओ, पावडर, साबण, केसांचे तेल अशा अंगाला लावायच्या वस्तूंत वासासाठी मिसळलेली, पण वेष्टनावर नावानिशी न छापलेली द्रव्ये. एका वासामागे काही डझन, कधी शंभराहून अधिक घटक असतात; वेष्टनावर त्या सगळ्यांसाठी ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ एवढाच शब्द येतो. कृती स्पर्धकाच्या हाती लागू नये, हे उत्पादकांचे कारण बहुतेक देशांच्या कायद्यांनी मान्य केले. ज्याच्या कातडीला ते द्रव्य लागणार, त्याचा जाणून घेण्याचा हक्क मागे राहिला.

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हातावर अत्तर लावतात, लग्नात गुलाबपाणी शिंपडतात, दिवाळीच्या पहाटे उटणे लावतात. बेळगावच्या गणपत गल्लीत, खडेबाजारात नावाजलेल्या कंपन्यांचा माल मिळतो. आठवडी बाजारात आणि यात्रेतल्या पालांवर हिना, मोगरा, केवडा अशी सुटी अत्तरे छोट्या कुप्यांत भरून देतात. त्या कुपीवर बहुधा वासाच्या नावापलीकडे काही नसते, आणि खरी काळजी तिथूनच सुरू होते.

कनौजच्या पारंपरिक पद्धतीत फुलांचा अर्क भट्टीवरच्या डेगेतून (तांब्याच्या मोठ्या भांड्यातून) वाफेने काढून चंदनाच्या तेलात उतरवतात. चंदन महागल्यापासून त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन किंवा फ्थॅलेट गटातले स्वस्त द्रव आले. डायइथिल फ्थॅलेट हे त्यांतले सर्वाधिक वापरातले; ते वास पातळ करते आणि टिकवतेही. त्याच्या सौम्यपणाबद्दल तज्ज्ञ समित्यांचे मत बरेचसे अनुकूल आहे. याच गटातील डायब्युटिल फ्थॅलेटला मात्र प्रजननावरील परिणामांमुळे युरोपात प्रसाधनांत बंदी आहे. सुट्या कुपीत यांपैकी कोणते आहे, हे अनेकदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. कृत्रिम कस्तुरीपैकी मस्क ॲम्ब्रेटवरही युरोपात बंदी आली, कारण ती लावून उन्हात गेल्यावर त्वचेला ॲलर्जी होत असे.

‘नैसर्गिक आहे, मग निर्धोक आहे’ हा समज या भागात फार घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. चहात टाकतो त्या गवती चहाचा वास सिट्रलचा, लवंगेचा युजेनॉलचा, दालचिनीचा सिनामलचा. गुलाबात जिरॅनिऑल असते. हे चारही ॲलर्जी आणणारे म्हणून नोंदलेले घटक आहेत. लिंबू-संत्र्याच्या सालीतले लिमोनिन आणि लव्हेंडरमधले लिनालूल ताजे असताना फारसा त्रास देत नाहीत. हवेशी संयोग होऊन त्यांची हायड्रोपेरॉक्साइडे बनली की ती तीव्र ॲलर्जी आणतात. म्हणून वर्षानुवर्षे कपाटात ठेवून सणासुदीला काढलेली अर्धी बाटली नव्या बाटलीपेक्षा धोक्याची असू शकते.

युरोपीय संघाने 2005 पासून असे 26 घटक वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. मर्यादा अशी : अंगावर राहणाऱ्या वस्तूत 0.001 टक्के आणि धुऊन टाकायच्या वस्तूत 0.01 टक्के यापेक्षा जास्त असल्यास नाव द्यायचे. 2023 च्या नियमाने ही यादी ऐंशीच्या वर नेली. लिलियल हे एके काळचे लोकप्रिय सुगंधी द्रव्य 1 मार्च 2022 पासून तिथे बंद झाले.

भारतात 1940 चा औषधे व प्रसाधने कायदा आणि त्याखालील 2020 ची प्रसाधन नियमावली लागू आहे. घटकांची यादी द्यावी लागते, पण 60 मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आणि 30 ग्रॅमपेक्षा कमी घन वस्तूंना त्यातून सूट आहे. अत्तराच्या कुप्या, रोल-ऑन, लिपस्टिक असा बराचसा माल या सवलतीतच बसतो. ग्राहकाच्या दृष्टीने ही नियमावलीतली सर्वांत मोठी फट आहे. ज्या वस्तूंवर यादी असते तिथेही ती इंग्रजीत, बारीक अक्षरांत असते. मराठी शाळेत शिकलेल्या आजीला तिचा उपयोग शून्य.

सुगंधाची ॲलर्जी लगेच दिसत नाही. लावल्यापासून एक-दोन दिवसांनी मनगट, मान, काख किंवा कानामागे खाज, लाली, पुरळ उठते आणि दोष गरमीला किंवा खाण्याला दिला जातो. सावळ्या त्वचेवर लाली न दिसता नुसता काळा डाग राहू शकतो. कपाळावर असा डाग पडल्यास कुंकवातला रंग किंवा टिकलीचा डिंकही तपासावा लागतो. निदानासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात : संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर 48 तास ठेवून काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. दम्याच्या रुग्णाला मात्र डिओच्या फवाऱ्याने तत्काळ धाप लागू शकते, आणि ती ॲलर्जी नसून श्वासनलिकेचा दाह असू शकतो.

कायदा केंद्राचा, अंमलबजावणी राज्याची. त्यामुळे कोल्हापूरच्या ठोक बाजारातून आलेली बाटली निपाणीत विकली गेली, तर तक्रार कर्नाटकच्या औषध नियंत्रण यंत्रणेकडे करायची. उत्पादनाचा परवाना महाराष्ट्रातला असला तरी नमुना इथला निरीक्षक घेऊ शकतो. त्यासाठी बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि पावती जपून ठेवावी लागते. पालावरच्या सुट्या अत्तराला यांतले काहीच नसते.