अवतरणपद्धती, लहान विमानतळावरील

प्रवासी विमान उड्डाणाच्या उंचीवरून खाली आणून धावपट्टीवर टेकवेपर्यंत वैमानिकांनी पाळायचा ठरीव क्रम. एकच धावपट्टी असलेल्या विमानतळावर या क्रमाला अधिक महत्त्व येते, कारण ती काही कारणाने बंद झाली तर तेथे दुसरी उपलब्ध नसते. नागपूरच्या सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ हे याचे जवळचे उदाहरण होय. तेथील १४/३२ (हे तिच्या दोन टोकांचे दिशादर्शक क्रमांक) ही धावपट्टी ३,२०० मीटर लांब असून समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंचीवर आहे.

पूर्वतयारी उतरण सुरू होण्यापूर्वीच होते. ३६,००० फुटांवरील विमानाला साधारण ११० सागरी मैल आधीपासून उंची सोडावी लागते. त्याआधी दोन्ही वैमानिक हवामान, वाऱ्याची दिशा, विमानाचे वजन, उरलेले इंधन आणि रायपूर किंवा हैदराबादसारखा पर्यायी विमानतळ यांची एकमेकांना ऐकवून उजळणी करतात. १०,००० फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलणे वर्ज्य असते.

याच धावपट्टीच्या ३२ क्रमांकाच्या टोकाकडे विमान आग्नेयेकडून येते. आयएलएस या रेडिओ-यंत्रणेच्या आधारे ते तीन अंशांच्या उतारावरून, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३२० फूट, खाली येते. ढग असल्यास धावपट्टीच्या वर १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवामानात ५०० फुटांवर वेग, उतार, चाके व फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, कमी वेगात उचल वाढवणाऱ्या झडपा) हे सारे ठरल्याप्रमाणे असलेच पाहिजे. नसल्यास ‘गो-अराउंड’ म्हणून विमान पुन्हा वर न्यायचे असते. साध्या आयएलएस उतरणीत २०० फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तरी हाच नियम लागू होतो. गो-अराउंड म्हणजे वैमानिकाची चूक, असा प्रवाशांचा समज होतो. वस्तुतः तो क्रमाचाच भाग आहे आणि तो वेळेवर घेणे हे चांगल्या वैमानिकाचे लक्षण मानावे लागेल.

विदर्भाच्या उन्हाळ्याचा येथे वेगळा विचार करावा लागतो. पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने सोनेगावची धावपट्टी जणू पाच हजार फुटांच्या आसपास उंचीवर असते. त्यामुळे वेगदर्शकावर १४० नॉट (ताशी सागरी मैल) दिसत असताना विमानाचा खरा वेग १५० नॉटांजवळ असतो, आणि थांबण्यासाठीचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत विमानाला उतारावरून वर ढकलतात, तेव्हा नाक खाली दाबून धावपट्टी गाठण्याचा मोह वैमानिकाने टाळायचा असतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा या धावपट्टीला तिरका लागतो. त्या वेळी विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून येतात आणि टेकण्याच्या क्षणी ते धावपट्टीच्या रेषेत आणतात.

धावपट्टीलगतच्या, उतार दाखवणाऱ्या चार ‘पापी’ (PAPI) दिव्यांपैकी दोन पांढरे व दोन लाल दिसले, म्हणजे उतार बरोबर आहे. आयएलएस नसलेल्या विमानतळांवर हे दिवे आणि उपग्रहाधारित मार्ग यांवर अधिक भिस्त असते. चाके पहिल्या ३,००० फुटांत टेकली पाहिजेत; त्यानंतर पंखांवरील स्पॉयलर, म्हणजे उचल मोडणाऱ्या फळ्या, उघडतात, इंजिनांचा झोत पुढच्या दिशेने वळवला जातो आणि ब्रेक लागतात. इंजिनांचा हा उलटा झोत, म्हणजे रिव्हर्स, एकदा लावल्यावर मात्र पुन्हा उड्डाण करायचे नसते.