बेथलेहेमचं वचन आणि त्याच्या मागेपुढे

नाताळच्या देखाव्यातलं गाव बेथलेहेमच का, याचं उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानात हेरोद राजाच्या दरबारात मिळतं. पूर्वेकडचे ज्ञानी लोक ‘यहूद्यांचा राजा कुठे जन्मलाय’ अशी चौकशी करत येतात, राजा अस्वस्थ होतो आणि याजक-शास्त्र्यांना विचारतो. ते सांगतात, यहूदीयातलं बेथलेहेम, संदेष्ट्याने तसं लिहून ठेवलंय. संदेष्ट्याचं नाव तिथे दिलेलं नाही. तो मीखा. हेरोद वारला इ.स.पू. 4 मध्ये, मीखा त्याच्या सुमारे सातशे वर्षं आधीचा.

मीखा यहूदा राज्याच्या राजधानीचा, यरुशलेमचा माणूस नव्हता, आणि ही गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. त्याचं गाव मोरेशेथ. यरुशलेमच्या डोंगरातून समुद्राकडे उतरताना लागणाऱ्या टेकड्यांमधलं, लाखीशच्या किल्ल्याजवळचं. परचक्र आलं की आधी हाच पट्टा तुडवला जायचा. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याच वाटेने आला. यहूदाची 46 तटबंदीची नगरं घेतली आणि हिज्कीया राजाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमात कोंडलं, असं त्याने आपल्या बखरीत नोंदवलंय. लाखीश पडलं तो प्रसंग त्याने निनवेच्या राजवाड्यात दगडावर कोरून घेतला. ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात बैलगाड्यांवर बोचकी लादलेली दिसतात आणि वर बायका-मुलं बसलेली. यरुशलेम मात्र जबर खंडणी भरून वाचलं. सोनं 30 किक्कार (जुनं वजनाचं माप), यावर दोन्ही बाजूंच्या नोंदी सहमत आहेत. चांदी बायबल 300 किक्कार सांगतं, अश्शूरी बखर 800.

मीखाचा राग समजून घ्यायचा तर हे चित्र डोळ्यांसमोर हवं. तो अश्शूरवर जितका चिडलेला नाही तितका आपल्याच पुढाऱ्यांवर चिडलेला आहे. रात्री अंथरुणात बेत करायचे आणि उजाडताच दुसऱ्याचं शेत, दुसऱ्याचं घर बळकवायचं, असा त्यांचा धंदा तो उघड करतो. सियोन, म्हणजे यरुशलेम, रक्तावर बांधलंय, म्हणून ते शेतासारखं नांगरलं जाईल, असं तो म्हणतो. अशा माणसाच्या पुस्तकात पुढचा राजा यरुशलेमच्या वाड्यातून न येता बेथलेहेममधून येतो, तेव्हा तो निव्वळ पत्ता नसतो. पुढे राजा झालेला दावीद जिथे मेंढरं राखत होता त्या गावात परत जाऊन सुरुवात करा, वाड्यात जे झालं ते नासलं, असा त्याचा अर्थ होतो.

बेथलेहेम यरुशलेमपासून जेमतेम नऊ किलोमीटर. या दोघांचं नातं काय होतं ते दाखवणारी एक चिमुकली वस्तू यरुशलेमच्या उत्खननात सापडली आणि 2012 मध्ये जाहीर झाली: मातीची मुद्रा, सुमारे दीड सेंटिमीटरची, इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातली. तिच्यावर तीन ओळी आहेत. ‘सातव्या वर्षी’, मग बेथलेहेमचं नाव, आणि झिजलेल्या तिसऱ्या ओळीत ‘राजासाठी’ असावं असं वाचन. राजाकडे पाठवलेल्या कराच्या मालावरची ही मोहर, असा उत्खनन करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे. बायबलबाहेर या गावाचा त्या काळातला उल्लेख तोवर मिळाला नव्हता, आणि मिळाला तोही राजधानीला भरलेल्या कराच्या निमित्ताने.

आता खरा वाद. बेथलेहेमचं वचन मीखाचंच का?

मराठी बायबलमध्ये ते पाचव्या अध्यायाचं दुसरं वचन आहे. हिब्रू प्रतीत पहिलं, कारण तिथे आदलं वचन चौथ्या अध्यायाच्या शेवटी जातं. हे आदलं वचन नाताळात कुणी वाचत नाही. त्यात नगराला वेढा पडलेला आहे आणि शत्रू इस्राएलाच्या शास्त्याच्या, म्हणजे राज्यकर्त्याच्या, गालावर काठी मारतोय. हा मार खाणारा कोण? हिज्कीया म्हणावा तर तो वेढ्यातून सुटला, त्याला कुणी हात लावला नाही. पण खंडणी भरणं हीच ती चपराक, असं म्हणता येतं. दुसरं नाव यहूदाच्या शेवटच्या राजाचं, सिदकीयाचं. इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, त्याच्या देखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. वर्णन त्यालाच जास्त लागू पडतं, असं अनेक अभ्यासक मानतात. शिवाय थोडं आधी, 4:10 मध्ये (चौथा अध्याय, दहावं वचन), लोक बाबेलला जातील असं स्पष्ट आहे, आणि मीखाच्या काळी धास्ती बाबेलची नव्हती, अश्शूरची होती. म्हणून हा सगळा भाग दीडशे वर्षांनंतर, बाबेलच्या बंदिवासाच्या काळात जोडला गेला, असं मत जोर धरून आहे.

पण मग 5:5 चं काय करायचं? बेथलेहेमच्या राजाबद्दल बोलता बोलता तिथे मजकूर येतो, ‘अश्शूर आपल्या देशात येईल तेव्हा’. अश्शूरचं साम्राज्य 586 च्या आधीच बुडालं होतं. मेलेल्या शत्रूची भीती कोण घालेल? नंतरच्या काळात अश्शूर हे कुठल्याही जुलमी सत्तेचं नाव म्हणून वापरलं गेलं, असं उत्तर दिलं जातं. मला ते ओढूनताणून वाटतं. बाबेलचा उल्लेख नंतरचा असला तरी बेथलेहेमच्या वचनाचा गाभा आठव्या शतकातला, मोरेशेथच्या माणसाच्या तोंडी शोभणारा आहे, असं मानायला भरपूर जागा आहे.

मीखाचे शब्द लोक विसरले नव्हते याचा पुरावा नंतरच्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात आहे. इ.स.पू. 609 च्या सुमारास मंदिराच्या नाशाचं भाकीत केलं म्हणून यिर्मयावर मरणाची पाळी आली, तेव्हा देशातले काही वडीलधारे उठून मीखाचं ‘सियोन नांगरलं जाईल’ हे वचन जसंच्या तसं म्हणतात आणि हिज्कीयाने त्याला मारलं नव्हतं याची आठवण देतात. यिर्मया वाचला. तेच बोललेल्या उरीया या दुसऱ्या संदेष्ट्याला मात्र मिसरातून धरून आणून मारलं.

पुढे यहूदी परंपरेनेही हे वचन मसीहाला, म्हणजे येणार असलेल्या तारणहार राजाला, लावलं. अरामी भाषांतरात तर ‘मसीहा’ हा शब्दच घातलाय. यरुशलेमी तालमुद या यहूदी धर्मग्रंथात गोष्ट आहे की, मंदिर पडलं त्याच दिवशी बेथलेहेमात मसीहा जन्मल्याची बातमी एका नांगरणाऱ्या यहूदी माणसाला कळते, तीही त्याच्या जनावराच्या हंबरण्यातून. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात जमावातले लोक येशूवर आक्षेप घेतात तो याच वचनावर बोट ठेवून: मसीहा बेथलेहेमचा हवा, हा तर गालीलातला. लूकचं शुभवर्तमान मीखाचं नावही काढत नाही, त्यातले मरीया-योसेफ तिथे पोचतात ते शिरगणतीच्या नावनिशीसाठी. मत्तय मात्र वचन देताना शेवटी दावीदाच्या राज्याभिषेकातली ‘माझ्या इस्राएल लोकांचा मेंढपाळ’ ही ओळ जोडतो, म्हणजे गावाचं नातं पुन्हा मेंढपाळाशी जुळतं.

वसई, गोवा, मुंबईच्या कॅथलिक देवळांतून हे वाचन तीन वर्षांच्या चक्रात एकदा, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, चौथ्या रविवारी येतं. ते बेथलेहेमपासून सुरू होतं आणि ‘तोच शांती होईल’ या शब्दांवर थांबतं. काठीचा मार त्याच्या आदल्या ओळीत राहून जातो, आणि अश्शूर त्याच वचनाच्या उरलेल्या अर्ध्यात. पुढची पाळी डिसेंबर 2027 मध्ये आहे. ज्यांच्याकडे वाचन येईल त्यांनी घरी तयारी करताना चौथ्या अध्यायाच्या शेवटापासून पाचव्याच्या सहाव्या वचनापर्यंत एका दमात वाचावं, एवढी विनंती.