दुसरा हात

अकरा हात ‘दोषी’साठी वर जातात, एक खालीच राहतो. मग तो एकटा गडी बाकीच्या अकरांना एकेक करून आपल्या बाजूला वळवतो आणि आरोपी सुटतो. ज्युरीवरच्या, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळावरच्या, नाटक-सिनेमांतला हा हुकमी प्रसंग. बघायला झकास, पण प्रत्यक्षात फार क्वचित घडणारा.

शिकागो विद्यापीठातल्या हॅरी कॅल्व्हन आणि हान्स झायसेल यांनी अमेरिकेतल्या २२५ ज्युरींचं पहिलं मतदान आणि शेवटचा निकाल ताडून पाहिला. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार दहापैकी नऊ वेळा पहिल्या मतदानात जिकडे बहुमत, तिकडेच निकाल. फोटो आधीच काढून झालेला असतो, चर्चेत तो फक्त धुऊन निघतो, ही उपमाही त्यांचीच. शेवटपर्यंत अडून राहणाऱ्या एकट्यादुकट्याला सुरुवातीला तरी कुणीतरी सोबती होताच, असंही त्यांना दिसलं.

सोबत्याने एवढा काय फरक पडतो? मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात रेघांची लांबी ओळखण्याचा एक साधा प्रयोग केला. खोलीत एकच खरा पाहुणा, बाकीचे सगळे पढवलेले. ते एकसुरात चुकीचं उत्तर द्यायचे. एरवी कुणीही सहज ओळखेल अशा रेघा, पण पाहुण्यांची जवळपास एक तृतीयांश उत्तरं कळपाबरोबर वाहवत गेली. पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी या चुका पाव हिश्शावर आल्या. म्हणून मला वाटतं, अशा नाटकातलं खरं महत्त्वाचं पात्र पहिलं नाही. ‘मलाही शंका आहे’ म्हणणारं दुसरं.

शंकेच्या बाजूला आणखी एक बळ असतं. मॅकून आणि केर या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली प्रयोगासाठी नकली ज्युरी बसवल्या. सुरुवातीला मतं निम्मी-निम्मी असली, तर निकाल बहुतेकदा निर्दोष सुटकेकडे झुकायचा. ‘वाजवी संशयापलीकडे’ सिद्ध झालं पाहिजे, ही अट काढून ‘ज्याचं पारडं जड तो जिंकला’ असं सांगितलं, की हा कल नाहीसा व्हायचा. साहजिकच आहे. दोषी म्हणणाऱ्याला सगळी साखळी जुळवावी लागते. शंका घेणाऱ्याला एक कडी हलवून दाखवली की पुरतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७० साली, विल्यम्स विरुद्ध फ्लोरिडा खटल्यात, सहा जणांची ज्युरीही चालेल असं ठरवलं. महत्त्व प्रमाणाला आहे, संख्येला नाही, असा तर्क होता, आणि आधाराला ॲश यांचंच नाव! दहाविरुद्ध दोन आणि पाचविरुद्ध एक, प्रमाण तेच खरं. पण पहिल्या खोलीत शंकेखोराला जोडीदार आहे, दुसऱ्या खोलीत तो एकटा. ॲशचा प्रयोग नेमका याच फरकाबद्दल होता, त्यामुळे संशोधकांनी टीकेची झोड उठवली.

१९७८ साली बॅल्यू विरुद्ध जॉर्जिया खटल्यात न्यायालयाने लहान ज्युरीचे तोटे दाखवणारे अभ्यास पुढे ठेवून पाच जणांची ज्युरी घटनाबाह्य ठरवली. सहा जणांची तेवढी कायम ठेवली. गंमत अशी, की त्यातले बरेच अभ्यास सहा आणि बारा यांचीच तुलना करणारे होते.