सक्युलंटवरील डाग आणि कूज

सक्युलंटच्या, म्हणजे जाड पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या झाडाच्या, पानावर डाग दिसला की बुरशीनाशकाची बाटली शोधण्याची घाई बहुतेकांना होते. पण कुंडीतल्या झाडांवरचे कितीतरी डाग रोगाचे नसतातच. जेडच्या पानांवरचे पांढरे ठिपके हे पानांवरील जलरंध्रांतून बाहेर पडलेल्या पाण्यातले क्षार असतात आणि ओल्या फडक्याने पुसल्यावर निघून जातात. सावलीतले झाड एकाएकी कडक उन्हात ठेवल्यास उन्हाकडच्या बाजूलाच फिकट किंवा तपकिरी, कोरडे चट्टे उमटतात. मुळांनी शोषलेले पाणी पानांतून तितक्या वेगाने बाहेर पडू शकले नाही, तर पेशी फुगून फुटतात आणि तिथे बुचासारख्या खरखरीत पुळ्या येतात. हे चट्टे आणि पुळ्या म्हणजे व्रण आहेत. ते पसरत नाहीत आणि कोणत्याही औषधाने जात नाहीत.

म्हणून निदानाचा पहिला प्रश्न डागाच्या रंगाचा नसून तो वाढतो आहे का, हा असावा. डागाच्या कडेला बॉलपेनने बारीक खूण करून चार-पाच दिवसांनी पाहिले, तर उत्तर मिळते. खूण ओलांडून पसरणारा, मध्यभागी खोलगट होत जाणारा, कधी एकात एक वलये किंवा बारीक काळे अथवा नारिंगी ठिपके दाखवणारा डाग बुरशीचा असण्याची शक्यता मोठी असते. असे पान काढून टाकावे, पानांवर पाणी पडू देऊ नये आणि झाडाभोवती हवा खेळती ठेवावी. बीजाणू रुजण्यासाठी पानावर ओल टिकावी लागते, त्यामुळे एवढ्यानेच अनेकदा काम भागते. ताम्रयुक्त औषध फवारायचे झाल्यास आधी एकाच पानावर वापरून पाहावे, कारण पानावरच्या मेणचट पांढऱ्या थरावर फवाऱ्याचे डाग कायमचे राहू शकतात.

कुजण्याचे प्रकरण याहून गंभीर आहे. माती सतत ओली राहिली की तिच्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि गुदमरलेल्या मुळांत पिथियम, फायटॉप्थोरा यांसारखे सूक्ष्मजीव शिरतात. हे दोघे बुरशीसारखे दिसत असले तरी खऱ्या बुरशीत मोडत नाहीत, म्हणूनच कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. तिथे मेटालॅक्सिल हे औषध लागते. दुर्गंधी आणि चिकट लगदा असेल तर जिवाणूंचा संशय घ्यावा, कारण ते पेशींना जोडणारे पेक्टिनच विरघळवून टाकतात. गंमत अशी की मुळे कुजलेले झाड वरून तहानलेलेच दिसते; पाने सुरकुततात आणि मालक आणखी पाणी घालतो. माती ओली असताना पाने सुरकुतली, तर पाणी न देता झाड कुंडीतून बाहेर काढावे.

इथे औषधाआधी ब्लेड लागते. सत्तर टक्के अल्कोहोलने पुसलेल्या ब्लेडने खोड खालून वर कापत जावे आणि प्रत्येक कापानंतर ब्लेड पुन्हा पुसावे. कापलेला भाग फिकट हिरवा किंवा पांढरट दिसला तरी मध्यभागी लालसर-तपकिरी ठिपका किंवा कडे आहे का, हे बारकाईने पाहावे; फ्युजेरियम ही बुरशी खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांतूनच वर चढते आणि तेवढी एक रेघ मागे राहिली, तर नव्या कुंडीत तेच पुन्हा सुरू होते. माझ्या एका एचेव्हेरियाचे खोड शेवटी जेमतेम दोन सेंटिमीटर उरले होते, पण कापलेला भाग स्वच्छ होता आणि तेवढ्यावर ते जगले.

कापलेला शेंडा सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर सुकू द्यावा आणि जखमेवर कोरडी खपली धरल्यावरच भरड रेती व परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) भरपूर असलेल्या कोरड्या मिश्रणात लावावा. कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण बारीक मातीतले पाणी खडीत सहज उतरत नाही, ओलीचा थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. त्यापेक्षा सगळे मिश्रणच भरड ठेवावे. पहिले पाणी मुळे फुटू लागल्यावर द्यावे. खोड शेंड्यापर्यंत कुजले असेल, तर एचेव्हेरिया आणि सेडमची निरोगी पाने तळापासून अखंड काढून कोरड्या मातीवर ठेवल्यास त्यांतून नवी रोपे येऊ शकतात. कोरफडीच्या पानातून मात्र रोप येत नाही, तिथे बाजूच्या पिल्लांवरच भिस्त ठेवावी लागते.